चित्र काढताना आपल्यातलं नक्की कोण काढत असतं?

फॅमिली ग्रुपवर अधूनमधून एक चित्र फिरतं, बघितलं असेल तुम्हीही. एक झाड असतं, फांद्यांमध्ये दोन चेहरे लपलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं की आधी झाड दिसलं तर तुम्ही शांत स्वभावाचे, आधी चेहरे दिसले तर भावनाप्रधान. काका लिहितात झाड, मावशी लिहिते चेहरे, अर्धा तास सगळे बोलत राहतात. असल्या टेस्टला काहीही शास्त्रीय आधार नाहीये, हे आधीच सांगते. पण लोक इतक्या मनापासून उत्तरं देतात त्याचं मला महत्त्व वाटतं, कारण त्यामागे प्रत्येकाची एक खरी उत्सुकता असते, की माझ्यात असं काहीतरी आहे जे मलाच नीट माहीत नाहीये आणि ते एखाद्या चित्रातून कळेल का.

कळतं. पण दुसऱ्याने काढलेल्या चित्राला अ किंवा ब उत्तर देऊन नाही कळत, स्वतः कागद घेऊन बसावं लागतं आणि नंतर त्या कागदाकडे बराच वेळ बघावं लागतं. मी रविवारी सदाशिव पेठेत मोठ्या माणसांचे चित्रांचे वर्ग घेते, बहुतेकांनी शाळेनंतर ब्रश हातात धरलेला नसतो, आणि तिथे जे दिसतं त्यामुळेच हे सगळं नीट लिहावंसं वाटलं.

आपल्यातलं हे आपल्यालाच नीट माहीत नसलेलं काहीतरी म्हणजे अंतर्मन. आधी ते काय असतं ते बघू. समजा तुम्ही कोथरूडहून टू-व्हीलरवर निघालात, डोक्यात ऑफिसचं काहीतरी चालू आहे, आणि एकदम लक्षात येतं की अरे, डेक्कन आलं पण! नळस्टॉपचा सिग्नल कधी गेला आठवत नाही. मग मधे ब्रेक कोणी मारला, रिक्षाला साइड कोणी दिली? तुम्हीच, पण तुमच्या नकळत. मेंदूची कितीतरी कामं अशीच चालू असतात, आठवणी लावणं, चेहरे ओळखणं, कोणाबद्दल चटकन चांगलं-वाईट मत होणं. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड याच्या पुढे गेले. त्यांचं स्वप्नांवरचं पुस्तक आलं १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये, पण त्यावर साल छापलं होतं १९००. आपल्याकडे मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात ना, फ्रॉइड म्हणाले की दिसतं खरं, पण वेषांतर करून दिसतं. दोन माणसं मिसळून एकच माणूस होतो, किंवा मोठ्या दुःखाचा सगळा भार एखाद्या फालतू वस्तूवर जाऊन बसतो. फ्रॉइडच्या बऱ्याच गोष्टी आजचे मानसशास्त्रज्ञ मानत नाहीत, पण मनाचा मोठा भाग आपल्या नजरेआड काम करतो यावर आता फारसा वाद नाहीये.

मग यात चित्रच का? माझं मत सांगते. आपण बोलतो तेव्हा वाक्य ओठावर यायच्या आधीच त्याची छाननी होऊन गेलेली असते. 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटलं की नाव, शिक्षण, कंपनी, कुठे राहता, मुलं किती, हे सगळं वर्षानुवर्षं सांगून सांगून पाठ झालेलं असतं. चित्राची सवय मात्र बहुतेकांची पाचवी-सहावीनंतर सुटते त्यामुळे तिथे पाठ असं फार काही नसतं, फक्त एक देखावा असतो, दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. वर्गात पहिल्या दिवशी मी तो देखावा मुद्दाम सगळ्यांना काढू देते, एकदा तो हातातून निघून गेला की मग पुढच्या कागदावर काय काढायचं ते कोणालाच माहीत नसतं, आणि खरं काम तिथून चालू होतं.

हे 'काय काढायचं ते माहीत नसणं' मुद्दाम घडवून आणणारे लोक म्हणजे पॅरिसचे सर्रिअलिस्ट, अंतर्मनातून कला बाहेर काढू बघणारे लेखक-चित्रकार. त्यांचा पुढारी आंद्रे ब्रेतों, मेडिकलचा विद्यार्थी, पहिल्या महायुद्धात मानसिक धक्का बसलेल्या सैनिकांच्या वॉर्डात काम केलेलं, तिथेच त्याला फ्रॉइडचा नाद लागला. १९२४ मध्ये त्याने जाहीरनामा काढला, थोडक्यात काय तर बुद्धीचा पहारा उठवा आणि जे आपोआप येतं ते येऊ द्या. आंद्रे मासों नावाचा चित्रकार पेन कागदावर टेकवायचा आणि काहीही न ठरवता भराभर रेघा ओढत सुटायचा, मग त्या गुंत्यात हात, मासा, अंग असलं काहीतरी दिसायला लागायचं. त्यांच्यातल्याच माक्स एर्न्स्ट या चित्रकाराचं तर मला फारच आवडतं. १९२५ च्या ऑगस्टमध्ये तो फ्रान्सच्या समुद्रकाठी एका हॉटेलात उतरला होता, तिथली लाकडी जमीन घासून घासून तिच्या रेषा वर आलेल्या, त्या बघून तो इतका अस्वस्थ झाला की कागद जमिनीवर टाकून त्याने वरून पेन्सिल घासली. उमटलेल्या ठशांमध्ये त्याला जंगलं, पक्षी, प्राणी दिसायला लागले. हा प्रयोग पुण्यात कोणालाही करता येईल, जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा, शहाबादी फरशी, जात्याचा दगड, काहीही चालतं. पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी धरून घासायची आणि मग कागद चारी बाजूंनी फिरवून बघायचा.

पण असं दिसतं कसं? मेंदूला अर्धवट आकार सहन होत नाही, तो लगेच ओळखीचं काहीतरी शोधतो, आणि सगळ्यात आधी चेहरा शोधतो. चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूवर मेंदूची प्रतिक्रिया सेकंदाच्या सहाव्या भागात येते, म्हणजे आपण विचार करायच्या कितीतरी आधी. लिओनार्दो दा विंचीने तर पाचशे वर्षांपूर्वीच चित्रकारांना सांगून ठेवलंय की डाग पडलेल्या भिंतींकडे बघत जा, तिथे डोंगर, नद्या, लढाया दिसतील. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीकडे आपण लहानपणी गादीवर पडून असंच बघायचो. स्विस डॉक्टर हेर्मान रोर्शाक याने १९२१ मध्ये शाईच्या डागांची टेस्ट काढली, दहा कार्डं, त्यातली पाच काळी-करडी, दोनांत थोडा लाल आणि तीन रंगीत. त्या टेस्टवरून आजही तज्ज्ञांमध्ये भांडणं आहेत आणि सिनेमात दाखवतात तसं एका डागावरून माणूस उलगडत वगैरे नाही. पण त्यातला एक भाग घेण्यासारखा आहे, डागात ठरलेलं काहीच नसतं, म्हणून जे दिसतं त्यात बघणाऱ्याचा स्वतःचा वाटा बराच असतो.

दालीचंही सांगते, कारण त्यावर अलीकडे खरंच संशोधन झालंय. स्पेनचा सर्रिअलिस्ट चित्रकार साल्वादोर दाली खुर्चीत बसून हातात जड किल्ली धरून डुलकी काढायचा, खाली ताटली ठेवलेली, झोप लागली की हात सैल पडून किल्ली खण्णकन वाजायची आणि तो जागा होऊन त्या क्षणी जे दिसलं ते उचलायचा. पॅरिसच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे तपासलं. लोकांना आकड्यांची गणितं दिली ज्यात एक लपलेली सोपी युक्ती होती, मधे वीस मिनिटं हातात वस्तू धरून डोळे मिटून पडायला सांगितलं. जे त्या काठावरच्या झोपेत निदान पंधरा सेकंद तरी राहिले त्यांच्यातल्या ८३ टक्के लोकांना युक्ती सापडली, जागेच राहिले त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना, आणि जे अजून खोल झोपले त्यांना हा फायदा मिळालाच नाही. म्हणजे पूर्ण सुटूनही चालत नाही आणि पूर्ण सावध राहूनही नाही, मधली एक पट्टी आहे तिथे गोष्टी जुळतात.

ती पट्टी मराठीत सगळ्यात चांगली ज्यांनी दाखवलीय ते म्हणजे चित्रकार प्रभाकर बरवे. जन्म १९३६, अलिबागजवळचं नागाव. पान, घड्याळ, शिंपला अशा अगदी रोजच्या वस्तू, पण मोठ्या रिकाम्या जागेत अशा ठेवलेल्या की त्या आपण आधी कधी बघितल्याच नव्हत्या असं वाटावं. ते वर्षानुवर्षं डायऱ्या लिहायचे, त्यात छोटी स्केचेस आणि विचार शेजारी शेजारी. १९९० च्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात चित्र मनात कसं तयार होतं हे त्यांनी मराठीत लिहून ठेवलंय, इतकं नेमकं की इंग्रजीकडे जायची गरजच पडत नाही. त्यांच्याकडे नुसतं सुचणं नव्हतं, सुचलेल्या गोष्टीकडे परत परत जाणंही होतं, आणि ते दुसरं आपण विसरतो.

आता ओळखीकडे येते, कारण मन उघडं करायचं म्हणजे शेवटी 'मी कोण' इथेच येतं सगळं. रवींद्रनाथ टागोर घ्या. जगाला माहीत असलेला कवी, नोबेल, ती दाढी, तो झगा. साठी ओलांडल्यावर हा माणूस हस्तलिखितातले खोडलेले शब्द एकमेकांना जोडायला लागला आणि त्या खाडाखोडीतून चोचीचे, दातांचे, कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नसलेले प्राणी बाहेर यायला लागले. नंतर मुखवट्यासारखे चेहरे, अंधारात बसलेल्या बायका. १९३० मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन झालं, एकूण दोन हजारांच्या वर चित्रं काढली त्यांनी, आणि बहुतेकांना नावच दिलं नाही! आयुष्यभर शब्दांवर हुकूमत असलेल्या माणसाने नाव द्यायचं टाळलं, मला तर त्यांच्या कवितेइतकंच हे बोलकं वाटतं. कवितेतला तो प्रसन्न माणूस खोटा नव्हता, पण तो एकटाच नव्हता.

मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो हिचं 'दोन फ्रीडा' हे चित्र १९३९ चं, नवरा दिएगो रिवेराशी घटस्फोट होत होता तेव्हाचं. नीट बघा. दोघी बाकावर शेजारी शेजारी, हातात हात. एकीच्या अंगात पांढरा युरोपियन झालरीचा ड्रेस, दुसरीच्या अंगात मेक्सिकोचा पारंपरिक पोशाख. दोघींची हृदयं उघडी आणि एकच शीर एकीपासून दुसरीकडे गेलेली. मेक्सिकन फ्रीडाच्या हातात दिएगोची लहानपणची इवलीशी तसबीर, तिथून ती शीर निघते, आणि पांढऱ्या ड्रेसमधल्या फ्रीडाच्या हातात डॉक्टरांचा चिमटा, तिने शीर दाबून धरलीय तरी रक्त पांढऱ्या कापडावर ठिबकतंय. ब्रेतों तिला सर्रिअलिस्ट म्हणायचा, तिला ते पटायचं नाही, तिचं म्हणणं मी स्वप्नं नाही काढत, माझं वास्तव काढते. तिच्या बाजूने मी आहे. वडील जर्मनीहून आलेले, आई मेक्सिकन, अठराव्या वर्षी बसच्या अपघातात शरीर मोडलेलं, पलंगावर आरसा लावून स्वतःलाच बघत काढलेली चित्रं, तिच्यासाठी दोन असणं हेच खरं होतं. आपल्याकडच्या चित्रकार अमृता शेरगिलचंही थोडं तसंच, आई हंगेरियन, वडील शीख, कधी पाश्चात्त्य कपड्यात तर कधी साडीत स्वतःला काढलं, आणि १९३४ मध्ये तर ताहिती बेटावरची स्त्री म्हणून. ती एकेक ओळख अंगावर घालून बघत होती.

आणि भूपेन खक्खर. मुंबईत जन्म, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, बडोद्यात राहून चित्रं काढली. त्यांच्या १९८१ च्या चित्रात एक नग्न माणूस बाल्कनीत पाठमोरा उभा आहे आणि खाली गावात बाप-लेक आणि गाढवाची गोष्ट चाललीय. आपल्या सगळ्यांना येते ती गोष्ट, गाढवावर बाप बसला तरी नावं, पोरगा बसला तरी नावं. समलैंगिक म्हणून स्वतःला उघडपणे मांडायला लागलेल्या माणसाने 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न ज्या गोष्टीतून मुलांना शिकवतात तीच गोष्ट घेतली, आणि तिच्याकडे बघत कपड्यांशिवाय उभं राहायचं ठरवलं. इथे अंतर्मन लपूनछपून आलेलं नाहीये, खक्खरांना आधीच माहीत असलेली गोष्ट बोलायला चित्राने जागा दिली. हेही चित्राचंच काम आहे.

पण तुम्ही म्हणाल ही मोठी माणसं, आमचं काय? आमच्या वर्गातलं एक सांगते, त्या बाईंना विचारून, नाव न घेता. बँकेतून रिटायर झालेल्या आहेत. मी सगळ्यांना सांगितलं होतं की लहानपणचं घर आठवणीतून काढा. त्यांचं कसब्यातलं घर, आता तिथे बिल्डिंग उभी आहे. वाड्याबद्दल त्या नेहमी बोलायच्या, आमचा वाडा असा, आमच्या वाड्यात तसं. कागदावर मात्र दिंडी दरवाजा बोटाएवढा, चौकातला हौद कोपऱ्यात, आणि अर्धा कागद भरून जिना. पायरी न पायरी, दोरखंड, मधे वळणावरचा तो अंधार पेन्सिलीने गिरवून गिरवून काळा केलेला. मी एवढंच विचारलं, जिना इतका मोठा का हो आला? त्या थांबल्या. मग म्हणाल्या, आम्ही वर राहायचो ना, भाडेकरू होतो, खाली मालक. खाली खेळायला मनाई नव्हती पण आई म्हणायची उगाच त्यांच्या ओसरीवर बसू नकोस, म्हणून मी जिन्यात बसून अभ्यास करायचे. 'आमचा वाडा' म्हणतेय मी इतकी वर्षं, पण माझा जिनाच होता. नंतर बराच वेळ त्या तो काळा कोपराच गिरवत होत्या, आणि मी मधे बोलले नाही.

आता कुठल्या तरी चार्टमध्ये बघितलं असतं तर जिना म्हणजे महत्त्वाकांक्षा किंवा असलंच काहीतरी लिहिलेलं सापडलं असतं, आणि सगळंच हुकलं असतं. म्हणून मी परत परत सांगते, चित्र म्हणजे एक्स-रे नाही की तिसऱ्याने उजेडात धरून रिपोर्ट द्यावा. अर्थ चित्र काढणाऱ्याजवळच असतो, आणि तोही चित्र झाल्यावर, विचारल्यावर, बोलता बोलता तयार होतो. (एक्स-रेवरून आठवलं, चित्रकार सुधीर पटवर्धन पुण्यात जन्मले, इथल्याच एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, शिकून रेडिओलॉजिस्ट झाले, २००५ पर्यंत ठाण्यात प्रॅक्टिस केली. दिवसभर माणसांच्या आतलं बघणाऱ्या डॉक्टरने चित्रात मात्र लोकलमधली, इराण्याकडची, रस्त्यावरची माणसं बाहेरून, त्यांच्या उभं राहण्या-बसण्यातून समजून घेतली.)

आठवणीतून काढणं इतकं उपयोगी का, याचंही कारण आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात एक प्रयोग दिलाय, इजिप्तच्या लिपीतलं घुबडाचं चिन्ह एकाला दाखवायचं, त्याने आठवून काढायचं, ते बघून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. होता होता घुबडाचं काळं मांजर झालं! आठवण जशीच्या तशी बाहेर येत नाही, प्रत्येक वेळी ती आपल्या ओळखीच्या साच्यातून नव्याने घडते. म्हणून एक सोपा उद्योग करून बघा. राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा, आपल्या लहानग्या गेलेल्या मुलाच्या नावाने केळकरांनी उभं केलेलं, दिवे, अडकित्ते, वाद्यं, पेटाऱ्या, रोजच्या जगण्यातल्याच वस्तू सगळ्या. सगळं बघत सुटू नका, जिथे पाय थांबतील त्या एका वस्तूसमोर थांबा, फोटो काढू नका. घरी येऊन रात्री ती आठवणीतून काढा. आठवड्याने परत जाऊन ताडून बघा, काय मोठं झालं, काय गळालं, कुठला भाग तुम्ही स्वतःच घातलात. 'का' असं लगेच विचारू नका, 'काय' एवढंच बघा, का आपोआप येतं मागून.

चित्र चांगलं आलं पाहिजे याची काळजी तर सोडूनच द्या. अमेरिकेत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं हवं ते करायला दिलं, माती, मार्कर, कोलाज, आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं, जे ताणाशी जोडलेलं हार्मोन आहे. साधारण ७५ टक्के लोकांचं ते कमी झालं, आणि आधी कला शिकली होती की नव्हती याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत, पण 'मला चित्र येत नाही' हे कारण तरी त्याने काढून घेतलं.

मुलांच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. पोराने सगळं काळं रंगवलं की आईबाप घाबरून मला फोटो पाठवतात. अहो, कधीकधी बॉक्समध्ये तेवढाच खडू धड उरलेला असतो. त्याला विचारा, हे काय चाललंय चित्रात? आणि तो सांगेल ते ऐका, मधे नावं ठेवू नका की कौतुकाचा पूरही नको. मोठ्यांच्या बाबतीत काळजी वेगळी असते, कागदावर कधी कधी असं काही येतं जे एकट्याने पेलवत नाही, जुना अत्याचार, कोणाचं जाणं, जगणं नकोसं वाटणं. तेव्हा वर्ग पुरत नाही, मीही पुरत नाही, मी शिक्षक आहे थेरपिस्ट नाही. सायकॉलॉजिस्टकडे जावं किंवा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा, मराठीत बोलता येतं.

आणि स्वतः काढायचं धाडस होत नसेल तर सुरुवात बघण्यापासून करा. घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनात नाहीतर दुसऱ्या कुठल्याही प्रदर्शनाला जा, अख्खं दालन पाच मिनिटांत संपवण्यापेक्षा एकाच चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहा. चित्रकार बहुतेक तिथेच कोपऱ्यात बसलेला असतो. 'याचा अर्थ काय' हे त्याला दिवसभर सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, यातलं काय आधी ठरवलं नव्हतं? माझ्या अनुभवात या प्रश्नाला बहुतेक जण खुर्चीतून उठून चित्रापाशी येतात आणि बोट ठेवून दाखवतात, हे बघा, हे.